उभ्या स्पोर्ट्स कारची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घ्यायच्या आधी हे क्रमाने बघा

लक्षणं आधी सांगतो. गाडी महिना-दीड महिना कव्हर घालून बेसमेंटमध्ये उभी आहे, रविवारी सकाळी तुम्ही चावी घेऊन खाली गेलात आणि रिमोट दाबला तर काहीच नाही, किंवा इंडिकेटर एकदा मिणमिणला आणि गप्प. दार उघडलं तर आतला दिवा पिवळट. सेल मारला की मीटरमधले सगळे दिवे एकदम लागून विझतात आणि कटकटकटकट असा आवाज येतो पण इंजिन फिरत नाही. किंवा फिरतं पण जड, दमल्यासारखं, आणि दुसऱ्या प्रयत्नाला तेवढंही नाही. घड्याळ कुठल्यातरी भलत्याच वेळेवर गेलेलं असतं.

अजून एक लक्षण ज्याने माणूस उगाच घाबरतो, ते म्हणजे डॅशबोर्डवर एबीएस, स्टिअरिंग, एअरबॅग, गिअरबॉक्स असे पाच-सहा एरर एकदम येतात. व्होल्टेज पडलं की गाडीतलं प्रत्येक कंट्रोल युनिट आपापली तक्रार नोंदवतं, त्यामुळे एकाच वेळी इतके एरर आले असतील तर सहा गोष्टी बिघडण्यापेक्षा एक बॅटरी उतरली असण्याची शक्यता कितीतरी जास्त. बॅटरी नीट भरली की बहुतेक एरर निघून जातात, राहिले तर ते मग दाखवा. तोपर्यंत काहीही खोलू नका.

आणि ही दोन लक्षणं असतील तर शोध दुसरीकडे घ्या. हॉर्न खणखणीत, हेडलाइट झगझगीत, तरी सेल मारल्यावर एकच टक्, तर टर्मिनल सैल आहे का बघा, नसेल तर स्टार्टर मोटर किंवा तिचा सोलेनॉइड. आणि सेल जोरात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर पेट्रोल किंवा स्पार्कचा विषय, त्यात बॅटरी भरून काही होणार नाही.

माझा या सगळ्याशी संबंध कसा आला ते थोडक्यात. दादा मेलबर्नला असतो, त्याची दोन सीटर जर्मन गाडी इथे कोथरूडला आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये असते आणि ती सांभाळायचं काम माझं. जून ते सप्टेंबर ती जवळपास हलतच नाही, पाऊस, खड्डे, आणि गाडीचं पोट जमिनीपासून इतकं जवळ की आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकरसुद्धा तिरकी घेऊन पार करावा लागतो. म्हणजे गणपती येईपर्यंत बॅटरी मेलेली. पहिल्या १४ महिन्यांत मी दोन बॅटऱ्या बदलल्या, दोन्ही वेळा दुकानदाराने सांगितलं बॅटरी गेली आणि मी विश्वास ठेवला, आणि तिसरीही तशीच उतरायला लागली तेव्हा कळलं की बॅटरीचा दोष नव्हताच. त्यानंतर ओळखीतल्या लोकांच्या अशाच गाड्या बघत गेलो, आणि आता दसऱ्याच्या सकाळी हमखास फोन येतो, पूजा झाली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि गाडी चालूच होत नाहीये.

माझं म्हणणं एवढंच की अशा गाडीत तीन प्रश्न असतात आणि ते याच क्रमाने विचारायचे. बॅटरी उपाशी राहिली का? कुणी तिच्यातून चोरून पितंय का? आणि शेवटी, ती म्हातारी झालीये का? बहुतेक लोक शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतात, आणि ही बॅटरी स्वस्त नसते.

उपाशी म्हणजे काय ते आकड्यात बघा. आजकालची गाडी बंद करून लॉक केली तरी पूर्ण झोपत नाही, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिटची मेमरी हे सगळं मिळून २० ते ५० मिलीअँपिअर करंट सतत जातो आणि तो नॉर्मल आहे. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर, महिन्याला ३६. बॅटरी ७० ची, म्हणजे ७० अँपिअर-अवर साठवणारी, असेल तर महिन्यात निम्मी संपली, तेही काहीही बिघाड नसताना. त्यात बॅटरी स्वतःची स्वतः थोडी उतरत असतेच आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग साधारण दुप्पट होतो, आणि पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. म्हणून रोज ऑफिसला जाणाऱ्या हॅचबॅकला जो त्रास कधी होत नाही तो लाखो रुपयांच्या गाडीला होतो.

आता तपासणी. सगळ्यात सोप्यापासून.

रिमोट आणि आतले दिवे (खर्च जवळपास शून्य)

आधी रिमोटचाच सेल बघा. बटणासारखा छोटा सेल असतो, बऱ्याच चाव्यांना सीआर२०३२ चालतो, पण आपल्या चावीचा नंबर बघूनच घ्या. बाणेरच्या एका मित्राने गाडी मेली समजून टो ट्रक बोलावला होता आणि निघाला रिमोटचा सेल. चावीच्या आत लोखंडी चावी लपवलेली असते, ती ओढून काढा आणि दार उघडा, आतले दिवे नीट लागले तर गाडीची बॅटरी बहुधा शाबूत आहे.

दार उघडताना एक काळजी घ्या, ही फार कमी लोक सांगतात. काचेला वर फ्रेम नसलेल्या कूपे आणि कन्व्हर्टिबलमध्ये हँडल ओढलं की काच आपोआप सेंटिमीटरभर खाली येते आणि दार लावलं की वर जाते. बॅटरी मेलेली असताना काच खाली येत नाही, त्यामुळे दार हळू, काचेला रबरातून सोडवत उघडा, आणि परत आपटून लावू नका, नुसतं लोटून ठेवा. रबर फाटलं किंवा काच तडकली तर तो खर्च बॅटरीच्या वर जाईल.

मग आत बसून बघा काय काय चालू राहिलंय. पार्किंग लाइट, ग्लोव्हबॉक्सचा दिवा, चार्जिंग सॉकेटला लावून ठेवलेलं काही, ओबीडी पोर्टमध्ये (स्कॅनर लावायचं सॉकेट) विसरलेला डोंगल, आणि डॅशकॅम. पार्किंग मोडवाला डॅशकॅम थेट फ्यूज बॉक्समधून वायर केलेला असला तर तो एकटा आठवड्या-दोन आठवड्यांत बॅटरी संपवू शकतो. फास्टॅगवर मात्र संशय घेऊ नका, त्याला बॅटरीच लागत नाही, टोलवरच्या रीडरच्या लहरींवर तो चालतो. आणि चावी! किलेस गाडी असेल आणि चावी गाडीजवळच, उदाहरणार्थ बंगल्यात पोर्चच्या भिंतीपलीकडे खुंटीला, टांगलेली असेल तर काही गाड्या ती चावी ओळखून सारख्या जाग्या होत राहतात. चावी लांबच्या खोलीत ठेवा.

मल्टिमीटर

तीन-चारशे रुपयांपासून मिळतो, बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलात तर दहा प्रकार दाखवतील, साधा डिजिटल पुरे. पण डीसी करंटची १० अँपिअरची रेंज आहे ना बघून घ्या, पुढे लागेल.

डीसी व्होल्टवर ठेवून लाल पिन प्लसला, काळी मायनसला. गाडी किमान काही तास बंद असायला हवी, नाहीतर नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर वरवरचं व्होल्टेज दिसतं आणि फसायला होतं. १२.६ ते १२.८ म्हणजे पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी, इथपासून आत नुकसान सुरू झालंय असं धरा. १२ म्हणजे जेमतेम पाव भाग. ११.८ च्या खाली रिकामी. आणि १०.५ च्या आसपास अडकली असेल तर मनाची तयारी ठेवा, कारण बॅटरीत साधारण २.१ व्होल्टचे सहा सेल असतात आणि एक सेल शॉर्ट झाला की बरोबर तेवढे कमी दिसतात. तरी एकदा चार्ज करून बघायचं, निकाल नंतर.

नुकसान का होतं तर रिकाम्या बॅटरीच्या प्लेटवर लेड सल्फेट साठतं, लगेच चार्ज केलं तर ते विरघळतं, आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं तर त्याचे खडे घट्ट होतात आणि तेवढी प्लेट कायमची वाया जाते. "दिवाळीला बघू" म्हणून मेलेली बॅटरी तशीच ठेवणं सगळ्यात महागात पडतं ते या कारणाने.

बॅटरीपर्यंत पोचणं

हे वेगळं लिहावं लागतंय कारण स्पोर्ट्स कारमध्ये बॅटरी कुठे असेल सांगता येत नाही. मस्टँगची बॉनेटखाली असते, सोपं. बीएमडब्ल्यू झेड४ ची डिकीत. पोर्शच्या ९११ आणि बॉक्स्टरमध्ये इंजिन मागे किंवा मध्ये आणि बॅटरी पुढच्या डिकीत, आणि त्यातल्या ९९७ आणि ९८७ पिढीत पुढच्या डिकीचं लॉक विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी मेली की बॅटरीचंच झाकण उघडत नाही. त्यावर सोय दिलेली आहे, पायापाशी बाजूला जो फ्यूज बॉक्स असतो त्यातून एक लाल टर्मिनल बाहेर ओढता येतं, त्याला बाहेरच्या १२ व्होल्टचं प्लस आणि दाराच्या बिजागरीसारख्या उघड्या धातूला मायनस लावायचं, आणि मग लॉकचं बटण दाबायचं. अलार्म वाजू शकतो, रिमोटने बंद करा. ही सोय फक्त झाकण उघडण्यापुरती आहे, तिथून गाडी चालू करायला जाऊ नका, ती वायर तेवढा करंट झेपायला केलेली नाही. तुमच्या गाडीचं लॉक कसं उघडतं हे मॅन्युअलमध्ये आजच वाचून ठेवा, बॅटरी चांगली असताना.

आणि एकदा झाकण उघडलं की काम होईपर्यंत लॉकमध्ये अडकू देऊ नका. मी कुलुपाच्या खाचेवर जुना टॉवेल घडी करून ठेवतो.

टर्मिनल (दहाचा पाना आणि खायचा सोडा)

बऱ्याच गाड्यांना दहाचा पाना लागतो. क्लॅम्प हाताने हलवून बघा, फिरला तर सैल आहे. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी मायनस काढा, मग प्लस, सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने घासा, कोरडं पुसा, आधी प्लस लावा मग मायनस, आणि वरून थोडी पेट्रोलियम जेली. मायनस आधी काढायचं कारण असं की तो निघाला की पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. स्टार्टर दीड-दोनशे अँपिअर ओढतो, तेवढ्या करंटला टर्मिनलवरचा पातळ थरसुद्धा अडवतो, आणि मीटर मात्र १२.६ दाखवत राहतो कारण मीटरला करंट लागतच नाही. म्हणून हे चार्जिंगच्या आधी.

वर बुचं असलेली साधी बॅटरी असेल तर पाणी बघा, प्लेट उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील इतपत डिस्टिल्ड वॉटर आत्ताच, बाकीची भरती चार्ज झाल्यावर. नळाचं नको, आरओचंही नको, आणि अ‍ॅसिड तर अजिबात नको. सीलबंद एजीएमला (ज्या बॅटरीत अ‍ॅसिड काचेच्या तंतूंच्या चटईत शोषलेलं असतं) हे लागू नाही.

चार्जिंग, म्हणजे खरा उपाय

सेल मारून दहा मिनिटं उभ्या उभ्या इंजिन चालवणं हा उपाय नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि तरी लोक करतात. हिशोब करा, गाडी चालू करायला दोन सेकंद २०० अँपिअर लागले तर ते फक्त ०.११ अँपिअर-अवर, ते लगेच भरून निघतं. प्रश्न महिनाभरात गेलेल्या ३६ चा आहे. आयडलला अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा जनरेटर) कमी देतो, त्यातलं बरंचसं एसी आणि पंखे खातात, आणि बॅटरी शेवटचे २० टक्के इतक्या हळू घेते की त्याला तासचे तास लागतात. वर थंड इंजिनात ओल धरते, आणि बंद बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. वॉचमनकाकांना हे काम सांगून जाणारे लोक आहेत आमच्याकडे, कृपा करून हे करू नका, तो माणूस तिथेच बसलेला असतो.

स्मार्ट चार्जर घ्या, सीटेक, बॉश वगैरेंचे मिळतात, पाच अँपिअरचा या कामाला बरोबर. एजीएम बॅटरीला एजीएम मोड. गाडीत बॅटरीच्या मायनसवर छोटा सेन्सर असेल तर चार्जरचा मायनस बॅटरीऐवजी बॉडीच्या अर्थिंग पॉइंटला लावा, नाहीतर गाडीला कळतच नाही की बॅटरी भरली. निम्मी उतरलेली ७० ची बॅटरी भरायला रात्रभर आणि वर दुसरी सकाळ लागते, घाई करून मोठ्या गॅरेज चार्जरने दोन तासांत भरून घेऊ नका, तापते.

बेसमेंटमध्ये प्लग नाही ही पुण्यातली खरी अडचण. आमच्या कमिटीने आधी नाही म्हटलं, कॉमन लाइट कुणाच्या खर्चाने वापरणार म्हणून. मी कागदावर लिहून दिलं की चार्जर जास्तीत जास्त शंभरेक वॉट घेतो, म्हणजे दहा तासांत एक युनिट, आणि भरल्यावर काही वॉटच. सब-मीटर लावतो म्हटलं आणि परवानगी मिळाली. तुमच्याकडे नाहीच जमलं तर बॅटरी काढून घरी न्या, वीसेक किलो असते, दोघांनी उचला, आडवी करू नका. बाल्कनीत, हवेशीर, गॅसपासून आणि देवघरातल्या दिव्यापासून लांब, कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो. बॅटरी काढण्याआधी काच खाली घेता आली तर घ्या. परत लावल्यावर काचेची सेटिंग पुन्हा शिकवावी लागते, बऱ्याच गाड्यांत बटण पूर्ण वर ओढून काही सेकंद धरायचं असतं, आणि जुन्या गाड्यांचा रेडिओ कोड मागतो, तो आधी शोधून ठेवा.

इथे एक थांबा. बॅटरी लिथियमची असेल तर वरचे व्होल्टेजचे आकडे आणि चार्जिंगची पद्धत लागू नाही. पोर्शने २०१० पासून ९११ जीटी३ सारख्या काही मॉडेलना लिथियम-आयनचा पर्याय दिला होता, आणि हौशी लोक वजन कमी करायला बाहेरूनही बसवतात. तिचं व्होल्टेज १३.३ च्या आसपास असतं, साध्या चार्जरचा सल्फेट काढायचा मोड तिला घातक. लेबल वाचा, लिथियम दिसलं तर तिचाच चार्जर किंवा थेट वर्कशॉप.

आत्ताच निघायचंय तर

जम्प स्टार्ट. छोटा लिथियम जम्प पॅक सगळ्यात सुरक्षित, तोही घरून भरून ठेवलेला. केबलने करायचं तर दुसरी गाडी बंद ठेवून क्रम हाच: मेलेल्या बॅटरीचा प्लस, चांगल्याचा प्लस, चांगल्याचा मायनस, आणि शेवटचा चिमटा मेलेल्या गाडीच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, ठिणगी पडली तर ती हायड्रोजनजवळ नको. मग चांगली गाडी चालू करून पाच मिनिटं थांबा आणि सेल मारा. बॅटरी डिकीत असलेल्या बऱ्याच गाड्यांना बॉनेटखाली जम्प पॉइंट दिलेले असतात. प्लस-मायनस उलटं लागलं तर अल्टरनेटरचे डायोड आणि कंट्रोल युनिट जातात, म्हणून प्रत्येक चिमटा लावताना मोठ्याने "प्लस", "मायनस" म्हणायची सवय लावा, मी अजूनही म्हणतो.

धक्का मारून नको. ऑटोमॅटिकला होतच नाही, मॅन्युअलला पूर्ण मेलेल्या बॅटरीवर पेट्रोल पंप आणि इंजिनचा कंप्युटरच जागा होत नाही, आणि अर्धवट पेटलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं.

चार्ज करूनही परत उतरली

चार्जर काढून १२ तासांनी मोजा. सगळी कनेक्शन काढलेली असताना १२.४ च्या खाली आली तर बॅटरी गेली. टिकली, तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या, बॅटरीवर लिहिलेल्या सीसीएच्या (थंडीत सेल मारताना बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा) निम्मा लोड १५ सेकंद दिल्यावर व्होल्टेज ९.६ च्या खाली जायला नको. हा आकडा स्वतः डोळ्यांनी बघा, नुसतं "वीक आहे साहेब" यावर पैसे देऊ नका.

बॅटरी पास झाली तर इंजिन चालू करून टर्मिनलवर मोजा, साधारण १३.८ ते १४.७ हवं. नव्या गाड्यांत अल्टरनेटर पेट्रोल वाचवायला व्होल्टेज मुद्दाम खाली-वर करतो, म्हणून हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावून परत बघा. हलतच नसेल, १२ वरून आणखी खाली चाललं असेल किंवा १५ च्या वर जात असेल तर तुमचं काम संपलं, अल्टरनेटर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. आणि कुणी मेकॅनिक इंजिन चालू असताना टर्मिनल काढून "अल्टरनेटर चेक करतो" म्हणाला तर त्याचा हात धरा. जुन्या गाड्यांच्या काळातली ती पद्धत आहे, आताच्या गाडीत त्या झटक्यात व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट जळतात.

चोर शोधणं

हे सगळ्यात वेळखाऊ आणि माझं सगळ्यात आवडतं काम. मायनस काढा, मीटर १० अँपिअरवर ठेवून तो बॅटरी आणि मायनस केबलच्या मध्ये जोडा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. त्याआधी काच खाली घेऊन ठेवा आणि उघड्या दाराचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करून ठेवा म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय. आता पाऊण तास थांबा, थांबायचं म्हणजे थांबायचं, कारण सुरुवातीला काही अँपिअर दिसतात, मग एकेक युनिट झोपतं आणि आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. यादरम्यान इग्निशन चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. शेवटी ५० मिलीअँपिअरच्या आत स्थिरावला तर चोर नाही, गाडी नुसती उपाशी होती.

दादाच्या गाडीत तो १८० ला येऊन अडकला. दिवसाला ४.३ अँपिअर-अवर, म्हणजे आठ दिवसांत निम्मी बॅटरी! फ्यूज ओढत बसू नका, ओढला-लावला की युनिट जागी होतात आणि पाऊण तास परत सुरू. त्याऐवजी मीटर मिलिव्होल्टवर घेऊन प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन बारीक ठिपक्यांवर पिना टेकवा, शून्य आलं तर तिथून करंट जात नाहीये, आकडा दिसला तर जातोय. मला असा एक फ्यूज सापडला ज्याला मूळ वायरिंगशिवाय एक जास्तीची काळी वायर जोडलेली होती, ती धरून गेलो तर डॅशबोर्डच्या आत आधीच्या मालकाने बसवलेला जीपीएस ट्रॅकर, सिम कधीच बंद झालेलं आणि तो रात्रंदिवस नेटवर्क शोधत होता. तो काढला, आकडा ३० वर आला, आणि ती तिसरी बॅटरी पुढे साडेचार वर्षं चालली.

प्रभात रोडच्या एका काकांच्या जुन्या रोडस्टरमध्ये मात्र फ्यूजही शोधावे लागले नाहीत. मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो डिकीत ठेवला आणि डिकी लावली, बाहेर काढून बघितलं तर दिवा पूर्ण वेळ चालू, स्विच दबत नव्हता. काका तो व्हिडिओ तीनदा बघत बसले.

बॅटरी खरंच गेली असेल तर

आपल्या उन्हात तीन ते पाच वर्षं धरा. जिथे एजीएम होती तिथे एजीएमच, त्याच मापाची, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त सीसीएची. गॅस बाहेर सोडणारी नळी असेल तर ती नव्याला परत जोडून घ्या, केबिनजवळ बॅटरी असलेल्या गाडीत ती विसरून चालत नाही. बीएमडब्ल्यू, ऑडी अशा बऱ्याच गाड्यांत नवी बॅटरी स्कॅनरने रजिस्टर करावी लागते, नाहीतर गाडी जुनीच समजून चार्ज करत राहते, दुकानदाराला आधीच विचारा की हे तो करतो का. जुनी बॅटरी दुकानातच द्या, त्याचे पैसे कापून मिळतात आणि शिसं भंगारवाल्याच्या भट्टीत जात नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून चार्जर कायम लावून ठेवणं हा सगळ्यात उत्तम मार्ग, स्मार्ट चार्जर भरल्यावर आपोआप मंद होतो. प्लग नसेल तर दर दहा-पंधरा दिवसांनी सकाळी सहाला बाहेर काढा आणि चांदणी चौकातून पौडकडे किंवा बायपासने तळेगावकडे चांगली तासभर चालवून आणा. तेवढ्याने बॅटरी काठोकाठ भरत नाही पण खाली घसरत नाही, आणि टायर, ब्रेक, इंजिन ऑइल सगळ्याला बरं. भर पावसात जमणार नाही, त्या चार महिन्यांसाठी चार्जरच.

इथे हात काढून घ्या

बॅटरी फुगलेली, गळणारी, कुजक्या अंड्यासारखा वास येणारी किंवा हात लावला तर गरम लागणारी असेल तर चार्जर भिंतीतून बंद करा, चिमट्यांना हात लावू नका, लांब व्हा आणि माणूस बोलवा. जाड नारंगी केबल दिसल्या तर ती हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे, तिथे पाना घेऊन जायचंच नाही. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरमधून जाणारी वायर उकलायची वेळ आली तर थांबा. मिलीअँपिअरचा आकडा १०० च्या वर आहे पण कोणत्याच फ्यूजवर काही दिसत नाही, तर गळती अल्टरनेटरच्या डायोडमधून किंवा फ्यूजच्या आधीच्या वायरमधून असू शकते, ते घरी करायचं काम नाही. आणि गाडी न्यावीच लागली तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर घेणारा सपाट ट्रक) मागवा, गाडी चढवायच्या फळ्या आहेत का विचारून, कारण इलेक्ट्रिक हँडब्रेक आणि पार्कमध्ये अडकलेला गिअर बॅटरीशिवाय सहजी सुटत नाहीत, आणि चाक उचलून ओढायला गेलात तर पुढचा बंपर रस्त्यावर राहील.

फोन कराल तेव्हा इलेक्ट्रिशियनला चार आकडे सांगा: रात्रभर उभी राहिल्यावर किती व्होल्ट, सेल मारताना कितीवर पडते, इंजिन चालू असताना किती, आणि झोपल्यावर किती मिलीअँपिअर. माझ्याकडे दादाच्या गाडीचे हे आकडे बेसमेंटच्या खांबाला अडकवलेल्या वहीत तारखेसकट आहेत, आणि आमचा इलेक्ट्रिशियन आता आला की आधी ती वही उघडतो.